विहिरीच्या उगवतीचे गाठोडे

३० सप्टेंबर १९९३. किल्लारीतल्या साखराबाईंच्या घरात रात्री सात माणसे झोपली होती. पहाटे भूकंप झाला. उजाडले तेव्हा दोन उरली होती, त्या स्वतः आणि त्यांचा तान्हा मुलगा दयानंद.

पुढे कित्येक दिवस ढिगाऱ्यांतून माणसांमागून वस्तू निघत राहिल्या. तांबे, अडकित्ते, जोडवी, देव. मदतीला आलेले लोक त्या एका ताडपत्रीवर ओतत. अलिबागकडून आलेल्या परिचारिका रिबकाबाई झिराडकर यांना ते पाहवेना. त्या बेने इस्रायली, यहुदी धर्माच्या. जखमा बांधून झाल्या की त्या वस्तू लावायला बसत आणि साखराबाईंना हाताशी घेत. काम दिले नाही तर ही बाई भिंतीकडे पाहता पाहता संपेल, हे त्यांनी ओळखले होते.

"आमच्या तोरात, धर्मग्रंथात सांगितलंय," त्या म्हणाल्या, "भावाची हरवलेली वस्तू दिसली तर तोंड फिरवायचं नाही. घरी न्यायची, तो शोधत येईपर्यंत सांभाळायची."

"आन् त्यो आलाच न्हाई तर?"

"तो येईल का, हे आपल्याला कुठं विचारलंय?"

तोरातल्या कथेत यहुद्यांचा पुढारी मोशे याचे लोक रानोमाळ भटकले तेव्हा छावणीत प्रत्येक कुळाची बाजू ठरलेली होती. मुक्काम कुठेही पडो, पूर्वेचे कूळ पूर्वेलाच उतरे. त्याच रीतीने रिबकाबाईंनी गावची मोठी विहीर मध्य धरली आणि तिच्या चार अंगांची चार गाठोडी केली. वस्तू ज्या पडक्या घरातून निघाली त्या घराची खूण चिंधीवर लिहून बांधायची. चिंध्या त्या आपल्या कात्रीने कापत. शनिवार त्यांच्या विश्रांतीचा. जखमी माणूस आला तरच त्या दिवशी हात चाले. म्हणून शनिवारचे सारे शुक्रवारीच मांडून ठेवायचे. सहाव्या दिवशी अन्न दुप्पट वेचले की सातव्या दिवशी शोधाशोध नको, हेही तोरातलेच.

काम संपल्यावर रिबकाबाई परत गेल्या आणि घाईत कात्री मागे राहिली.

नवे गाव जमिनीच्या मोजमापाने वसले. रस्ते रुंद झाले, आळ्या मोडल्या, शेजारी पांगले. बहुतेक वस्तू मालकांकडे गेल्या. उरलेल्या साखराबाईंच्या लोखंडी कपाटात विसावल्या. त्यांच्या घरात काडेपेटीपासून खुरप्यापर्यंत सगळ्याला जागा होती आणि शनिवारचे सरपण शुक्रवारीच चुलीपाशी येई. सरजाबाई शेजारीण म्हणे, "साखराबाईच्या घरात मांजराला सुदिक जागा नेमल्याली हाय." साखराबाई त्यावर हसत नसत. जिचे सारे घर एका पहाटे जागचे हलले, तिला वस्तू जागेवर सापडणे हाच जगाचा भरवसा होता.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी अहमदपूरहून वर्षाराणी नावाची बाई आली. जुन्या किल्लारीतल्या मन्मथ वाण्याची ही मुलगी. भूकंपाच्या वेळी ती मामाकडे होती म्हणून वाचली. आई उमाबाई गेली. त्यांच्या लिंगायत समाजात मृताला त्याच्या गळ्यातले शिवलिंग हाती देऊन पुरतात. उमाबाईला मात्र सगळ्यांबरोबर अग्नी मिळाला, लिंगावाचून.

"दादा आता अंथरुणाला खिळलेत," वर्षाराणी वडिलांबद्दल म्हणाली. "म्हणतात, तिचं लिंग सापडलं तर माझ्या समाधीत ठेवा. कुणी तरी तुमचं नाव सांगितलं, मावशी."

"घर कुठं व्हतं तुमचं?"

तिला नव्या गावातला प्लॉट तेवढा ठाऊक होता. तिने वडिलांना फोन लावला. पलीकडून खोल गेलेला आवाज आला, "विहिरीच्या उगवतीला. पिंपळामागं. लिंगाच्या डबीच्या झाकणाचा कळस मोडका हाय."

साखराबाईंनी कपाट उघडले. आत नव्या साड्या, दिवाळीचे डबे. गाठोडी नव्हती. सून आरती महिनाभर कपाटासाठी मागे लागली होती. येत्या अमावास्येला हे सगळं नदीला सोडू, असेही म्हणाली होती.

"आरते, काय केलंस गं?"

आरती पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "तोंड का उतरवायलाव, आत्या? माळ्यावर हाय. कपाट पायजे व्हतं मला."

"समदं एकात कोंबलंस व्हय?"

"एवढी येडी न्हाई म्या. चार व्हती ती चारच हायत. उगवतीचं उगवतीच्या भिंतीला. लगीन करून आले तवापासून मिठाची बरणी इकडची तिकडं झाली तरी बोलणी खातीय मी. शिकले न्हाई व्हय?"

साखराबाई खाली बसल्या. आरतीने उगवतीचे गाठोडे माळ्यावरून उतरवले.

गाठोड्यात पिंपळाची खूण असलेल्या चिंधीत चांदीची डबी होती. झाकणाचा कळस मोडका. वर्षाराणीने ती उघडली नाही, दोन्ही हातांत धरून कपाळाला लावली आणि फोनवर एवढेच म्हणाली, "दादा, सापडलं." मग मन्मथ वाणी म्हणाले, "बाई जेवून जा म्हनली तर जेवून ये. घाई न्हाई आता."

ती जेवून गेली. आरतीने ताट वाढताना सासूकडे पाहिले. "कपाट माझंच ऱ्हाईल ना?"

"ऱ्हाऊ दे. गाठोडी माळ्यावर बरी हायत."

चुलीवरच्या कोनाड्यात रिबकाबाईंची कात्री तेल लावून ठेवलेली असते. साखराबाईंनी अलिबागकडे जाणाऱ्या अनेकांपाशी चौकशी केली. पत्ता लागला नाही. ती कात्री परत करणे अजून बाकी आहे.