सावंत सरांचा मायनस वन

सर्व्हरची लॉग फाइल कितीही पुसा, आठ दिवसांत परत नोंदींनी तुडुंब! आमच्या ठाण्याच्या ऑफिसातल्या किश्श्यांचं अगदी तसंच आहे. बरं, आम्ही काही विनोदी माणसं नाही हो. आम्ही ओपन सोर्स क्लाउड सॉफ्टवेअरवर काम करतो. म्हणजे कोड सगळ्या जगाला खुला, आणि नावं ठेवायलाही सगळं जग मोकळं.

या सॉफ्टवेअरमध्ये व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटातले आभासी कॉम्प्युटर, आधीपासून चालायच्या. त्यांच्या शेजारी कंटेनर, म्हणजे एकेका प्रोग्रॅमपुरते हलके डबेही चालवायचे, हे काम आमच्याकडे आलेलं. ते सॉफ्टवेअरच्या येत्या आवृत्तीत गेलं नाही तर कल्याणचं एक हॉस्पिटल, म्हणजे आमचा सगळ्यात मोठा क्लायंट, सोडून जाणार आणि आमची टीम फुटणार. मॅनेजरने तोंडावर सांगितलेलं! टीम म्हणजे मी, आंबिवलीची प्राजक्ता आणि डोंबिवलीचे सावंत सर. सर अठरा वर्षं व्हर्च्युअल मशीनवाले. 'कंटेनर' म्हणताना त्यांचा चेहरा आमटीत केस सापडल्यासारखा व्हायचा.

*

सरांची शिस्त अशी की प्रत्येक मशीनची वहीत नोंद. नाव, जन्मतारीख, स्वभाव. हो, स्वभाव! 'चिडकी आहे, दुपारी रीस्टार्ट करू नये.'

कंटेनर आले तशी सरांनी नवी वही काढली. आता कंटेनर कामापुरता जन्माला येतो, काम झालं की संपतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सर रडकुंडीला आलेले.

"अरे, नाव लिहून मान वर करेपर्यंत हा गेला! मी नोंदी ठेवतोय की मयताचे दाखले लिहितोय?"

*

हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांना दोन्हींतला फरक समजवायला सर आणि मी गेलेलो. सरांना मनातून कंटेनर नकोच होते, त्यामुळे उदाहरणही तसंच शोधून काढलं.

"डॉक्टर, व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतःचा वन बीएचके. नळ आपला, मीटर आपलं. कंटेनर म्हणजे चाळीतली खोली. नळ सगळ्यांत एक. बघा बुवा!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "सावंत, मी विठ्ठलवाडीच्या चाळीत वाढलो. आमच्याकडे गॅस संपला की शेजारच्या चार घरांतून पोळ्या यायच्या. आता फ्लॅटमध्ये शेजाऱ्याचं आडनाव माहीत नाही. मला कंटेनर द्या!"



*

मग सरांनी मनावर घेतलं. एका चालू कंटेनरमध्ये शिरून त्यांनी हाताने एक सेटिंग दुरुस्त केली. सकाळ गेली त्यात. मशीन असती तर दुरुस्ती तशीच राहिली असती. पण कंटेनर रीस्टार्ट झाला, मूळ साच्यातून नवा निघाला, आणि दुरुस्ती गायब!

"माझ्या कामाला हात कोणी लावला?" सर कडाडले.

प्राजक्ता म्हणाली, "कोणी नाही सर. कंटेनर दुरुस्त नाही करायचा. साचा बदलायचा आणि नवा काढायचा, सिंपल!"

सरांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "म्हणजे करपलेल्या डोशाला मलम लावायचं नाही."

"करेक्ट! पीठ बघायचं."

त्या दिवशी सर कंटेनरवरून पहिल्यांदा हसले.

*

कोड तयार झाला, पण ओपन सोर्समध्ये दोन जाणत्या रिव्ह्यूअरनी होकार दिल्याशिवाय काही आत जात नाही. परदेशातल्या पहिल्या रिव्ह्यूअरने अकरा महिन्यांच्या कामाला मायनस वन, म्हणजे नकार, दिला. कारण काय, तर एक रिकामी ओळ जास्त आहे! प्राजक्ता घरी जाऊन रडली. आई घाबरली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, मग ती ओळ पूस ना! आणि जेवायला बस."

ओळ पुसली. होकार आला. वर तिला आमटीही मिळाली.

*

उरला दुसरा होकार, आणि तो सावंत सरांचा. घरचाच माणूस! आम्ही पेढ्यांचं बोलायलाही लागलेलो. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी सरांनी दिला मायनस वन.

मी भडकलो. "सर, टीम फुटेल! तुम्हाला कंटेनर आवडत नाहीत हे माहितीये, पण..."

"आवडीचा प्रश्न नाही," सर शांतपणे म्हणाले. "कंटेनर डिलीट केला की त्याला जोडलेली डिस्कही पुसली जाते. ती डिस्क एखाद्या मशीनची असली तर? त्यात पेशंटचे रिपोर्ट असले तर?"

प्राजक्ताने टेस्ट मशीनवर करून बघितलं. कंटेनर गेला, आणि मशीनची डिस्क साफ!  लाज वाटली मला, खरंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने नवा कोड सरांपुढे ठेवला. "सर, टेस्ट मशीनवर दाखवते."

"तिला गमावायला काय असतं?" असं म्हणून सरांनी स्वतःची मशीन उघडली. अठरा वर्षांच्या नोट्स, स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्ट, सगळं तिच्यावर. आम्हाला तिचा पासवर्ड तर सोडाच, तिच्याकडे बघायचीही परवानगी नव्हती.

सरांनी तिच्या डिस्कला कंटेनर जोडला. चष्मा पुसला. डिलीट दाबलं.

कंटेनर गेला. मशीन जागच्या जागी, एकूण एक फाइल शाबूत. सरांनी होकार टाकला आणि डबा पिशवीत भरायला लागले.

हा माणूस ऑफिसच्या पिकनिकच्या फोटोंचाही बॅकअप घेणारा! तरी प्राजक्ताने खात्रीसाठी विचारलंच, "सर, बॅकअप घेतलेलात ना?"

"बॅकअप घेतला असता," सर पिशवी खांद्याला लावत म्हणाले, "तर ती टेस्ट कसली गं?"