कपाटापुढचा ठसा

अलिबागहून मांडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो, हा पोटापाण्याचा धंदा. पण गावात माझी खरी ओळख वेगळी होती. घरफोडी झाली, कुणी गळफास घेतला, की ठाण्यातून मला फोन यायचा. पंचनाम्याचे फोटो वीसेक वर्षं मीच काढले. आकार कळावा म्हणून वस्तूशेजारी काडेपेटी ठेवायची, हे एका जुन्या हवालदाराने मला शिकवलं होतं. टपरीवर लोक विचारायचे, "काय बघितलंत आज?" मी काही सांगायचो नाही आणि त्या न सांगण्यातच माझा सगळा रुबाब होता.

मग कायदा बदलला. मोठ्या गुन्ह्याच्या जागी फॉरेन्सिकची गाडी आलीच पाहिजे, असं ठरलं. मी ते फारसं मनावर घेतलं नाही.

मला चौथीत शिकवलेल्या बाईंच्या घरी चोरी झाली, तेव्हा ते मनावर घ्यावं लागलं. बाई आठ दिवस पनवेलला मुलाकडे गेल्या होत्या. परत येऊन बघतात तर बेडरूमचं कपाट उघडं, बांगड्या आणि नवऱ्याचं जुनं घड्याळ गायब. न्हाणीघराच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या कुणीतरी एकेक करून काढल्या होत्या. बाई बेडरूमच्या दारातूनच मागे फिरल्या आणि पोलिसांना फोन केला.

ठाण्यातून आलेल्या हवालदाराने सवयीने मला बोलावलं. फाटकाशी तो एकटाच होता, बाई शेजारच्या घरात बसल्या होत्या. म्हणाला, "गाडी यायला वेळ आहे. तोवर चार मारून घ्या पटकन." मी नेहमीसारखा आत गेलो, कपाटापुढे उकिडवा बसलो, चार फोटो काढले आणि बाहेर आलो.

अर्ध्या तासाने पांढरी गाडी आली. तिच्यातून जी उतरली ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. उरणकडची, वडील ट्रेलर चालवायचे, हे नंतर कळलं. तिने फाटकाला पिवळी पट्टी बांधली, माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहिला आणि म्हणाली, "काका, तुम्ही पट्टीच्या बाहेर थांबा हं."

आवाजात उर्मटपणा अजिबात नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

मी बेडरूमच्या खिडकीबाहेर, जास्वंदीजवळ उभा राहून बघत होतो. तिने बुटांवर पिशव्या चढवल्या, हातमोजे घातले. आत जायची एकच वाट ठरवली आणि सोबतच्या माणसालाही त्याच वाटेने चालायला लावलं. आधी दारातून सगळ्या खोलीचे फोटो, मग जरा जवळून, मग अगदी जवळून, शेजारी काटकोनी पट्टी ठेवून. काडेपेटी नाही. मग तिने पडदे ओढायला लावले, एक विजेरी फरशीवर आडवी ठेवली आणि पेटवली. पडद्याच्या फटीतून मला दिसलं. नुसती धूळ होती तिथे, आठ दिवसांची. त्या आडव्या उजेडात धुळीवर पावलं उमटली.

उजेड हा माझा विषय होता. जन्मभर मी नवऱ्यामुलींच्या चेहऱ्यावर उजेड कसा पाडायचा हेच बघत आलो, आणि दिवा जमिनीवर आडवा ठेवायचं मला कधी सुचलं नाही. मी बारावी सायन्सला नापास झालेला. ही पोरगी गुडघ्यांवर बसून जे करत होती ते मला यायला हवं होतं, असं वाटून मी अक्षरशः जळत होतो.

"कपाटापुढे सँडलचा स्वच्छ ठसा आहे," ती आतून म्हणाली. आवाजात आनंद होता. मग बाहेर येऊन हातातल्या कागदावर लिहिता लिहिता तिने विचारलं, "आमच्या आधी बेडरूममध्ये कोण कोण गेलं होतं?"

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. "कोणी नाही, मॅडम."

मी गप्प राहिलो. हवालदार नोकरी जाईल म्हणून घाबरला होता. मला कसलीच भीती नव्हती. तिची फजिती व्हावी, एवढंच मला हवं होतं. एवढ्या पट्ट्या, एवढी विजेरी आणि शेवटी हाती काय, तर फोटोवाल्याची सँडल! ठसा माझा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

पुढे असं होईल हे मात्र डोक्यात आलं नाही. तशा रबरी सँडल अर्ध्या गावाच्या पायात होत्या. बाईंकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईचा नवरा अंगणातल्या झाडांना पाणी घालायला यायचा, त्याच्याही पायात त्याच. "नक्षी जुळली म्हणजे माणूस जुळला असं नाही, सर. झीज तपासावी लागते," असं ती ठाण्याच्या साहेबांना सांगत होती, पण साहेबांनी तोवर त्याला ठाण्यात नेऊन बसवलं होतं. त्याच्या सँडल कागदी पिशवीत घालून लाखेने सील झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओ उघडला तर त्याची बायको पायरीवर बसलेली.

"दादा, तुमची ठाण्यात वळख हाय," ती म्हणाली. "साहेबांना सांगा ना जरा. तो आत गेलाच न्हाय. नळी घेऊन अंगणातच असतो तो. कालपासून बसवलाय."

तिच्या तोंडचा 'वळख' हा शब्द माझ्याच्याने ऐकवेना. मी शटर तसंच अर्धवट ठेवलं आणि ठाण्यात गेलो.

ती मुलगी पिशव्यांवरची लेबलं तपासत साहेबांसमोरच बसली होती. मी उभ्यानेच म्हणालो, "तो ठसा माझा आहे."

साहेब जे बोलले ते इथे लिहीत नाही. हवालदार दाराआड उभा होता. ती मात्र "सँडल काढा, काका," एवढंच म्हणाली. तळाला शाई लावून कागदावर ठसा घेतला आणि फोटोशेजारी धरला. "डाव्या टाचेला चीर आहे. फोटोतही तीच दिसतेय. तुमचाच आहे." मग शांतपणे विचारलं, "काल मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"विसरलो," मी म्हणालो. तिने ते तसंच कागदावर लिहून घेतलं. पण खोटं आहे हे तिला कळलं होतं.

त्या माणसाला सोडलं. पण त्याच्या आणि माझ्या, दोघांच्याही सँडल सीलबंद झाल्या होत्या. दुपारी बाराच्या उन्हात आम्ही दोघं अनवाणी ठाण्याबाहेर पडलो. डांबर पोळत होतं. कडेच्या मातीवरून चालत मी त्याला सगळं सांगितलं.

तो थांबला. "तुम्हाला कालच म्हाईत व्हतं?"

"हो."

त्याने शिवी दिली नाही. तो रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने चालू लागला. आजही मी समोरून आलो की तो तसाच पलीकडे जातो.

खरा चोर तिनेच मिळवून दिला. काढलेल्या काचेच्या पट्ट्या चोराने मोरीच्या कडेला नीट रचून ठेवल्या होत्या. त्यातल्या एका पट्टीवर ब्रशने भुकटी फिरवून तिने अंगठा उठवला, चिकटपट्टीवर उचलला आणि ठसे तपासणाऱ्यांकडे पाठवला. आधी दोनदा पकडलेल्या एकाशी तो जुळला. बांगड्या मिळाल्या, घड्याळ नाही. बाईंनी मला पेढे पाठवले, "माझ्या विद्यार्थ्याने खरं सांगितलं" म्हणून. मी डबा न उघडताच शेजारच्या दुकानात देऊन टाकला.

खटला अलिबागला उभा राहिला तेव्हा मलाही साक्षीला बोलावलं. त्या दिवशी ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होती आणि आरोपीचा वकील तिला घेरत होता. "म्हणजे तुमच्या जागेवर बाहेरचा माणूस फिरून गेला, आणि तुम्हाला पत्ताच नव्हता?"

साक्ष व्हायची असली की खरं तर बाहेर थांबायचं असतं, पण मला कुणी हटकलं नाही आणि मी मागच्या बाकावर होतो. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला ती अडखळावी असं मला वाटलं. त्या माणसाचं, बाईंचं, स्वतःचं, सगळं विसरून वाटलं.

"त्या दिवशी नव्हता," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः येऊन सांगितलं. तशी नोंद आहे. काचेवरच्या अंगठ्याशी त्याचा संबंध नाही." वकिलाने कागद उलटले आणि पुढचा प्रश्न विचारला. ती एकदाही अडखळली नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती व्हरांड्यात समोर आली. "काका, चहा घेऊ या?"

"एका बारशाला जायचंय, घाई आहे," मी म्हणालो. बारसं संध्याकाळी होतं. माझी साक्ष व्हायची होती, त्यामुळे कुठे जाताही येत नव्हतं. मी कोर्टाच्या मागच्या बाजूला जाऊन, पुकारा होईपर्यंत एकटाच उभा राहिलो.