सहावे हृदय
आठ वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या एका सकाळी, बुलढाण्यातील एका प्रयोगशाळेत सहाव्या उंदराचे हृदय चाचणीआधीच बंद पडले. भिजलेल्या सोयाबीनचा वास आला की मला ती खोली आठवते. मी बातमीसाठी गेलो होतो. संशोधक मुलगी जानेफळची होती. वडिलांच्या शेतातल्या सोयाबीनमधून तिने पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे, वेगळे केले होते आणि त्यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्या सैल होतात का, हे ती तपासत होती. परवानगी सहाच उंदरांची होती. हा शेवटचा. वडील मुद्दाम पाहायला आले होते. तिने बेशुद्ध उंदराच्या फासळ्या कात्रीने कापल्या, रक्त तिच्या कोपरापर्यंत उडाले, आणि कापून काढलेले हृदय तिने काचेच्या नळीला बांधले. वरच्या भांड्यातले खारे द्रावण आत उतरताच ते पुन्हा धडधडू लागले. "काऊन मारलं वं त्याले?" वडिलांनी विचारले. "तुमच्या सोयाबीनसाठीच, बाबा. हात नका लावू कशाले," असे म्हणून ती पेप्टाइडचा नमुना आणायला फ्रीजकडे वळली. तेवढ्यात वडिलांनी आपल्या बाटलीतले साधे पाणी वरच्या भांड्यात ओतले. खारेपणा कमी होताच हृदय फुगले, थरथरले आणि थांबले. तिने त्यांचे मनगट पिरगाळून बाटली हिसकावली आणि भिंतीवर फेकली. "जीव होता त्यात अजून," ते म्हणाले, "मरतावक्ती पाणी त द्या लागते ना." तिचा प्रबंध मी काल ग्रंथालयात पाहिला. त्यात पाच हृदयांचे आलेख आहेत. सहाव्यासमोर बंद पडण्याचे कारण लिहिले आहे: पाणी.