पहिल्या धारेचा मान

आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून तिसरीचं नाव आईबापानं कडूबाई ठेवलं. यमानं चाखली तरी थुंकून टाकावी, एवढाच हेतू. नाव कडू, जीभही कडू. हातची मोहाची दारू मात्र अशी, की राणीसावरगावचा पिणारा परगावी पाहुणा गेला तर तिथली ओठाला लावून खाली ठेवायचा.

निजामाच्या अमलात भट्टी चालायची ती गुत्तेदाराच्या, म्हणजे सरकारी ठेकेदाराच्या परवान्यावर. परवाना गुत्तेदार बन्सीधरचा, मडकी आणि मेहनत कडूबाईची. नवरा गेल्यापासून तिची चूल या भट्टीच्या जिवावर पेटत होती. पण बाईचे नखरे फार. मोहाच्या फुलातले तुरे ती एकेक करून काढायची, ते राहिले की घशाला ओरखडा येतो म्हणून. घाईचे लोक नवसागर टाकून फुलं आंबवत; ही सावलीत ठेवून त्यांच्या कलानं फसफसू द्यायची. मडकी राखेनं घासायची नाही. तळाला जुना गाळ थोडा राखायची, दह्याला विरजण राखतात तसा. आणि भट्टीची पहिली धार थेट भुईला. जग 'पहिल्या धारेची' म्हणून मिशीला पीळ देतं, कडूबाई म्हणायची, "ती नुसती डोकं फोडती. शेवटची म्हंजी आंबट पानी. चव हाय ती मधल्या धारंत."

जत्रा तोंडावर आली आणि बन्सीधरनं लोखंडी पिंप आणून टाकलं. सोबत नवसागराची पुडी.

"बाई, माल लय लागनार. पहिलीपासून शेवटपस्तोर समदी धार यात घ्यायची."

"पहिली धार मी मानसाच्या पोटात जाऊ देनार न्हाई, मालक."

"मंग जत्रा झाली की भट्टी सोड."

कडूबाई मनातून हादरली, खोटं कशाला सांगा. भट्टी सुटली तर खायचं काय? पण पुडीला तिनं हात लावला नाही. शेवटी बन्सीधरनं गड्यांकडून नवसागर टाकून फुलं आंबवून घेतली. वाढायला मात्र त्याला कडूबाईच हवी होती. गिऱ्हाईक तिच्या हाताला सरावलेलं होतं.

जत्रेच्या दिवशी भट्टीपुढं माणसं दाटली. नळीतून पहिली धार पडली. कडूबाईनं ती पळसाच्या द्रोणात धरली, सरळ बन्सीधरपुढं गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मालक, आज माल तुमच्या हुकमानं झालाय. पहिल्या धारेचा मान तुमचा. आदी तुमी घ्या."

मानाला नाही कसं म्हणायचं? बन्सीधरनं द्रोणाचा वास घेतला आणि चेहरा आक्रसला.

"आज... आज माझा सोमवार हाय."

तिचं जुनं गिऱ्हाईक आश्रुबा मागून ओरडला, "मालक, सोमवार काल झाला की!"

जत्रा खदाखदा हसली. बन्सीधर लालबुंद झाला. "चालती हो! आत्ताच्या आत्ता!"

"जाते. मडकी माझी हायेत, ती घेऊन जाते."

तिनं द्रोण भुईवर रिता केला आणि गाळासकट मडकी आश्रुबाच्या गाडीत ठेवली. उद्याच्या भाकरीचा पत्ता नव्हता, तरी मान ताठ होती.

बन्सीधरनं पिंपापाशी स्वतः उभं राहून हाका मारल्या. कुणी पुढं होईना. द्रोण हातात धरून माणसं एकच म्हणत होती, "आदी मालकाचा सोमवार सुटू द्या, मंग आमी घेतो."