विषय क्रमांक चौदा

नगरपरिषदेत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला लोक दोनच गोष्टी विचारतात. एक, घरपट्टी कमी होईल का? आणि दुसरी, अहो, ते गाव बुडालं तेव्हाचं काहीतरी सांगा ना! पहिलीचं उत्तर नाही. दुसरीचं मात्र इतकं साठलंय की कपाटं पुरायची नाहीत. मी सभालिपिक होते, सभेतला शब्द न् शब्द माझ्या हातून गेलाय. पण खरे किस्से इतिवृत्तात येतात थोडेच? तिथे आपलं सगळं "सर्वानुमते मंजूर"!

गावाचं नाव सांगणार नाही. मावळातलं आहे, शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांनी तुंबतं, एवढ्यावर भागवा. पेन्शन चालू आहे माझी, उगाच कशाला!

*

गावाचं दिवाळं वाजलंय हे आम्हाला पगाराच्या दिवशी कळलं. पगारच झाला नाही.

बंगलेवाल्यांची घरपट्टी वर्षानुवर्षं कोर्टात अडकलेली. आणि आम्ही शहाण्यांनी काय केलं? कर्ज काढून तळ्यात गाणारं कारंजं बसवलं! दोन सीझन गायलं आणि बंद पडलं. हप्ते मात्र चालूच.

नगराध्यक्षा मॅडमनी भर सभेत लेखापालांना, म्हणजे आमच्या पठाणसाहेबांना, विचारलं, "तिजोरीत नक्की आहे तरी किती?"

पठाणसाहेब उभे राहिले. चष्मा पुसला. म्हणाले, "मॅडम, तिजोरीची किल्ली आहे."

अख्खा हॉल हसला. पठाणसाहेब हसले नाहीत. त्याच आठवड्यात रस्त्यावरच्या दिव्यांची वीज कापली गेली.

*

आता बबनभाऊ. हे तुम्हाला माहीत असायलाच हवेत.

बबनभाऊ जवळच्या वडिवळ्याचे. आमचे वॉलमन. म्हणजे कुठल्या आळीला किती वाजता पाणी सोडायचं, पाइपलाइनचा कुठला वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, किती आटे फिरवायचा, हे बघणारा माणूस. नकाशा नाही, वही नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. आणि हा माणूस सव्वीस वर्षं रोजंदारीवर! सव्वीस! निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. कायम झाले तर पेन्शन, नाही झाले तर एक हार आणि नारळ.

त्यांना कायम करण्याचा विषय दर दोन-तीन वर्षांनी सभेपुढे यायचा आणि "पुढील सभेत" जायचा. पहिल्यांदा आला तेव्हा भाऊंनी हौसेनं खाकी गणवेश शिवून घेतला होता. घालायचा कधी, तर ऑर्डर हातात पडल्यावर. तोवर पेटीत.

"आवंदा कंबर सैल करून आनली, ताई," एकदा मला म्हणाले. "ठराव हुईस्तवर प्वाट थांबतंय व्हय?"

*

कारंज्याचा अजून एक प्रताप आहे. त्याचा दुसरा हप्ता मंजूर करायचा विषय एकदा सभेत राहूनच गेला. राष्ट्रगीत झालं, लोक उठले, तेवढ्यात कुणालातरी आठवलं. परत सगळ्यांना बसवलं, हात वर, मंजूर!

विरोधकांनी तक्रार ठोकली. वरून ठराव रद्द होऊन आला. शेरा असा, की राष्ट्रगीतानं सभा संपते, त्यानंतर घेतलेला विषय बेकायदेशीर.

तेव्हापासून आमच्याकडे राष्ट्रगीताची जाम दहशत! हॉलला खेटून आमचीच शाळा आहे. साडेपाचला पोरं राष्ट्रगीत म्हणून सुटतात. ते आत ऐकू आलं की सगळ्यांनी उभं राहायचं, म्हणजे सभा संपलीच! शिपायांच्या जागा रिकाम्या, म्हणून सभेच्या दिवशी हॉलचं काम बबनभाऊंकडे. सव्वापाच झाले की ते गुपचूप सगळ्या खिडक्या लावून घेत आणि पंखे फुल करत. आत आवाजच यायचा नाही. किती सभा त्या खिडक्यांनी वाचवल्या, देवाला ठाऊक!

*

पैसा उभा करायचा म्हणून गोदामातल्या भंगाराचा लिलाव केला. गंजकं म्हणून जे जे दिसलं ते टेम्पोत भरलं. त्यात वॉल फिरवायच्या चाव्याही गेल्या! पुरुषभर उंचीच्या लोखंडी चाव्या हो, अख्ख्या गावाचं पाणी त्यांच्यावर.

दुसऱ्या दिवशी गावाला थेंब नाही. बोंबाबोंब!

बबनभाऊंनी कुणाला विचारलं नाही. सायकल काढली, भंगारवाल्याकडे गेले, खिशातले पैसे मोजले आणि चाव्या सोडवून आणल्या. दुपारी पाणी आलं.

आठवड्यानं भाऊंना नोटीस गेली. "लिलावात विक्री झालेली मालमत्ता आपल्या ताब्यात कशी आली, याचा खुलासा तीन दिवसांत करावा."

मी हादरलेच! तरी टाइप मलाच करायला लागली. लाज वाटली अक्षरशः. भाऊंनी खुलासा दिला एका ओळीचा: "पाणी सोडायचे होते."

*

मग सुरू झाला खरा तमाशा. सरकारनं गाव ताब्यात घ्यावं का नाही?

मॅडम कडाडल्या, "आपलं गाव आपण चालवू! मुंबईत बसून कुणी आमच्या गटारांचे निर्णय घेतलेले चालणार नाहीत!" विरोधी गटनेते ओरडले, "तुमच्याच्यानं झेपत नाही! प्रशासक आणा, गाव वाचवा!" दोन तास भाषणं. टेबलं बडवून झाली.

पुढच्या आठवड्यात कुणीतरी हूल उठवली, की ठराव करून प्रशासक मागणाऱ्या गावाला सरकार मोठी मदत देणार आहे. झालं! सभेत मॅडम उठल्या, "गाव वाचवायचं तर प्रशासक हवाच!" गटनेते उठले, "आपलं गाव आपण चालवू!" गटारांसकट तेच भाषण हो! लाजबिज काही नाही.

खोटं वाटेल, पण मी इतिवृत्त नवीन लिहिलंच नाही. मागचं घेतलं आणि नावं तेवढी बदलली. दोघांनीही वाचून सह्या केल्या!

*

मग वरून पथक आलं, आमची परिस्थिती बघायला. आता पाहुणे येणार म्हटल्यावर फाटक्या खुर्च्या कशा दाखवायच्या? मॅडमनी मंडपवाल्याकडून लग्नातला लाल सोफा आणवला. नवरा-नवरी बसतात ना, तोच! त्यावर तीन साहेब दाटीवाटीनं बसले. इंद्रायणी तांदळाची खीर झाली, शाली झाल्या. निघताना साहेब हसून नमस्कार करून गेले.

पथकाचा अहवाल आला. पहिलाच मुद्दा: "आर्थिक संकटातही फर्निचरवर उधळपट्टी."

मदत नाही ती नाहीच. वर पत्र. येत्या गुरुवारी सकाळी प्रशासक कार्यभार घेतील, नगरसेवकांचे अधिकार संपतील, अनिर्णित विषय रद्द होतील.

अनिर्णित विषय! मला दुसरं काही दिसेचना. बबनभाऊ!

*

बुधवारी शेवटची सभा बोलावली. विषयपत्रिका मीच टाइप केली. भाऊंचा विषय पहिला घातला होता, मुख्याधिकारी साहेबांनी निरोपाची भाषणं वर घेतली आणि भाऊ गेले चौदावर. मग मी एकेका नगरसेवकाच्या घरी गेले. हो, गेले! भांडले, विनवलं, एकाला तर त्याच्या आईसमोर झापलं. पण सगळे कबूल झाले. दोन्ही गट! एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

बबनभाऊ गणवेश घालून आले. कडक इस्त्री. अकरा वर्षं पेटीत होता, डांबरगोळ्यांचा वास येत होता. "ऑर्डर न्हाई अजून," मला हळूच म्हणाले, "पर आज घातला तर चालंल ना, ताई?"

"चालेल काय, धावेल!" मी म्हटलं.

सभा सुरू झाली आणि तासाभरात ऑफिसची वीज कापली. थकीत बिल! पंखे बंद. घामाच्या धारा. त्यात एकेकाचं भाषण काही संपेना. "या सभागृहानं मला घडवलं..." अरे बाबा, तू सभागृह बुडवलंस, बस की खाली! मी नुसती घड्याळ बघत होते. पाच. पाच दहा. मग एकदाचे विषय सुरू झाले, भराभरा. आठ मंजूर. अकरा मंजूर. तेरा मंजूर!

मॅडमनी चष्मा नीट केला. "विषय क्रमांक चौदा. श्री. बबन..."

आणि खिडकीतून आवाज आला. दोनशे पोरांचा, खणखणीत. राष्ट्रगीत!

मी मान वळवली. हॉलच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या!

अख्खं सभागृह उभं राहिलं. कोण बसणार? मीही उभी. दाराशी बबनभाऊ ताठ, हात मांड्यांना चिकटवलेले, नजर समोर. मी मनात म्हणत होते, काहीतरी होऊ दे, काहीतरी होऊ दे. काय होणार होतं!

शेवटचा "जय हे" झाला आणि सवयीनं सगळ्यांनी पिशव्या उचलल्या.

"थांबा!" मी किंचाळलेच. "चौदा राहिला! विषय चौदा!"

मुख्याधिकारी साहेबांनी फाईल मिटली. "ताई, कारंज्याचं विसरलात का?"

मॅडमनी गटनेत्यांकडे पाहिलं. गटनेत्यांनी मॅडमकडे. समोरचा तक्रार करणारच, याची दोघांनाही खात्री होती. पाच मिनिटांत हॉल रिकामा!

मी तशीच दाराशी गेले. रडू येत होतं आणि रागही. "भाऊ, खिडक्या का लावल्या नाहीत हो तुम्ही? तुम्हाला माहीत नव्हतं?"

"म्हाईत व्हतं की," भाऊ म्हणाले. "पर लय उकडत व्हतं समद्यांना. मॅडम अजेंड्यानं वारा घेत व्हत्या."

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. खाली वाकून नव्या पँटचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि कोपऱ्यातली लोखंडी चावी खांद्यावर टाकली.

"सरा ताई," म्हणाले, "वरच्या आळीला पानी सोडायचंय."