लालसूला हाक मारायची रीत

ज्यानं माझा दात पाडला, तो माणूस काल गेला.

लालसू. वय पंचवीसच्या आत. इचलकरंजीत आमच्या शेडात माग चालवायचा. काविळीनं आठ दिवसांत नेला.

मी आता इथं मस्कतला, बांधकामाच्या परांचीवर. खाली उतरलो तर फोनवर अण्णांचे अकरा मिस्ड कॉल. अण्णा म्हणजे आमच्या शेडाचे जॉबर. माग दुरुस्त करायचे, आणि आम्हालापण.

मी सातवी पास. एका जागी कधी टिकलो नाही. लिहायचं जमत नाही, पण आज लिहितो.

लालसू गडचिरोलीचा. अकरा वर्षांचा असताना जंगलातल्या बंदूकवाल्यांनी उचलून नेला. आधी तांदूळ वाहायला लावला, मग हातात बंदूक दिली. सोळाव्या वर्षी पळून आला, पोलिसांसमोर हजर झाला.
तो स्वतः सगळ्यांना सांगायचा, म्हणून लिहितोय.

पहिल्या दिवशी मात्र आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं.

मागांच्या खडखडाटात हाक ऐकू जात नाही. म्हणून शेडात रीतच, मागनं जायचं आणि खांद्यावर थाप मारायची.

मी मारली.

पुढचं एवढंच आठवतंय. मी फरशीवर, त्याचा गुडघा माझ्या छातीवर, तोंडात रक्त.
आणि माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला तो.

सगळे म्हणाले, हाकला याला. मी सगळ्यात मोठ्यानं म्हणालो.

अण्णा त्याला चहाच्या गाड्यावर घेऊन गेले. तासाभरानं आले आणि त्याच्यादेखत, त्याला विचारून, सगळं सांगितलं. मग म्हणाले,
"पोरगं वाईट न्हाय. लढाई संपल्याली त्याच्या अंगाला अजून कळलं न्हाय. आजपासनं त्याच्याकडं समोरनं जायचं, दोन्ही हात उघडे दाखवून. ज्याला जमत न्हाय त्यानं दुसरं शेड बघावं."

मालकांनी एक महिना दिला. परत कुणावर हात टाकला तर बाहेर.

बाहेर म्हणजे कुठं? गावात ते बंदूकवाले टपून बसलेले. शेड हेच त्याचं घर.

सुट्टीच्या दिवशी अण्णा त्याला मनाच्या डॉक्टरांकडं न्यायचे. बाकी दिवस आम्ही सगळे हात वर करून त्याच्याकडं जायचो. बघणाऱ्याला वाटायचं, शेडात दरोडा पडलाय की काय.

महिना संपायला चार दिवस होते. एक नवा कामगार आला. त्याला सांगायचं काम माझं होतं. मी विसरलो.

त्यानं मागनं जाऊन थाप मारली.

लालसू गर्रकन फिरला. हातात लोखंडी पाना, डोक्याच्या वर.

मला वाटलं, संपलं.

पाना तसाच वर.
मग त्यानं तो हळूच मागावर ठेवला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला.

मी हात दाखवत समोरनं गेलो. त्याचे ओठ हलत होते, ऐकू काहीच येईना. अण्णांनी सगळे माग बंद केले.

"नाही मारलं मी. दादा, पाह्यलं ना? नाही मारलं."

पाह्यलं रे.

मी कोल्हापूरचा. पैलवान लई बघितले. वर गेलेला हात खाली आणणारा एकच बघितला.

त्यानंतर सहा वर्षं त्यानं कुणाला बोट लावलं नाही. नव्या माणसाला आता तोच सांगायचा, "मले मागून हात नको लावू. समोरून ये, चहा पाजतो." आम्ही त्याच्या 'मले'ची टिंगल करायचो, तो आमच्या 'न्हाय'ची.

काल अण्णांनी व्हिडिओ कॉल लावला. दवाखान्याच्या आवारात अँब्युलन्स उभी. गावाकडं त्याची आई वाट बघत्या. जिवंतपणी जाता आलं नाही, आता निघाला.

शेडातले एकेक जण पुढं आले. कुणी सांगितलं नव्हतं. पायाकडनं, त्याच्या समोरनं, आधी दोन्ही हात उघडे दाखवले, मग फूल ठेवलं.

मी फोन सिमेंटच्या पोत्याला टेकवला आणि माझे हात दाखवले.

अण्णा गाडीत त्याच्या तोंडासमोर बसून गेलेत. गावापर्यंत.

लालसू, तुझा अभिमान हाय आम्हाला.
निवांत झोप गड्या. पाठीमागं कुणी न्हाय.