अँटेनाची पाठ गावाकडे

सागवानाची ती केस मी अजून विसरलेलो नाही. भूकंपाचा बंदोबस्त संपल्यावर लातूरहून माझी बदली किनवटच्या पोलीस ठाण्यात झाली. जंगलातले सागवान ट्रकने चोरून नेले जायचे आणि आमची प्रत्येक नाकाबंदी रिकामी जायची. एकदा तर वाटेवर एकट्याच थांबलेल्या वनरक्षकाला चोरांनी गाठून पाय मोडेपर्यंत मारले. तो तिथे आहे हे फक्त आम्हालाच माहीत होते.

आरागिरणीवरचा आमचा खबऱ्या म्हणाला, "साहेब, जीप निघायच्या आधीच त्याहीला कळून राहिलं. कोनीतरी तुमचा वायरलेस ऐकतंय."

खात्रीसाठी मी वायरलेसवर खोटी नाकाबंदी सांगितली. ट्रकने नेमका तोच रस्ता टाळला.

आमचे वायरलेस जमादार म्हणाले, "आपली अँटेना कंदिलासारखी आहे साहेब, उजेड चहूकडे. बॅटरीसारखी एका दिशेला रोखता येणारी लावू." हाताने फिरवता येणारी अँटेना छतावर चढवली, तोंड जंगलातल्या आमच्या चौकीकडे, पाठ गावाकडे. सेटची ताकदही कमी केली. चौकीला आमचा आवाज स्वच्छ जात होता. त्याच आठवड्यात ट्रक मालासह सापडला, पण ऐकणारा कोण हे ड्रायव्हरला ठाऊक नव्हते.

मला वाटले, ज्याला ऐकू येईनासे झाले तो गप्प बसणार नाही. म्हणून शिपायांना गावातली छपरे बघायला सांगितले. दुसऱ्याच दिवशी एक रेडिओ दुरुस्तीवाला भरदुपारी पत्र्यावर उभा राहून लांब बांबूला अँटेना बांधताना दिसला. तिचा रोख ठाण्याकडे होता.

चौकशीत त्याने काही लपवले नाही. "भूकंपात बहीण तिकडं व्हती साहेब. कोनी काही सांगंना, म्हून सेट बनवला. बहीण वाचल्याचं कळलं, पन ऐकायची सवय न्हाई सुटली. मग लाकूडवाले आले."

"वनरक्षक कुठे थांबलाय, तूच सांगितलंस?"

"हाव. मारतेल असं न्हाई वाटलं."

"त्याला दवाखान्यात न्यायला आम्ही गाडी मागत होतो, तेही ऐकलंस?"

"ऐकलं. मग सेट बंद केला."

त्याच्या जबाबावरून टोळी पकडली गेली. त्यालाही शिक्षा झाली.

पुढे प्रत्येक ठाण्यात मी आधी अँटेना कुठे रोखली आहे ते पाहिले. एकट्या माणसाची जागा मात्र वायरलेसवर पुन्हा कधी उच्चारली नाही. तो वनरक्षक आजही काठी टेकत चालतो, आणि त्याच्या जागेचा पत्ता त्या दिवशी माझ्याच आवाजात गेला होता.